ऑफिसात चालणारा लॅपटॉप घरी नेट का पकडत नाही? दोन नेटवर्कच्या सेटिंग्ज एकाच मशीनवर कशा ठेवायच्या

दर महिन्याला जीएसटीआर-३बी भरणाऱ्यांची मुदत २० तारखेला संपते. मध्यंतरी अशाच एका १९ तारखेला रात्री साडेनऊला आमच्या ताईचा फोन आला. ती भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपचे अकाउंट्स बघते. ऑफिसचा लॅपटॉप घरी आणलेला, आकडे तयार, आणि जीएसटीचं पोर्टल काही उघडेना. "अरे, वायफाय तर फुल्ल दाखवतंय. घरातल्या सगळ्यांचे मोबाईल चालतायत," असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघ. हॉटस्पॉट जोडला गेला, पण नेट तिथेही नाही. मग तिने ठरवूनच टाकलं की लॅपटॉप बिघडला.

लॅपटॉप ठणठणीत होता. उलट हॉटस्पॉटवरही नेट न चालणं हाच खरा पुरावा होता. राउटर बदलला तरी त्रास तोच राहिला, म्हणजे दोष राउटरचा नाही, लॅपटॉपमध्ये कुणीतरी हाताने टाकून ठेवलेल्या आकड्यांचा आहे. ऑफिसच्या हार्डवेअरवाल्याने वायफाय अडॅप्टरला १९२.१६८.१०.४५ असा कायमचा आयपी अ‍ॅड्रेस दिला होता आणि गेटवे १९२.१६८.१०.१. जुन्या पद्धतीने टाकलेले असे आकडे ऑफिसच्या नेटवर्कला चिकटत नाहीत, अडॅप्टरला चिकटतात. लॅपटॉप जिथे जाईल तिथे तेही सोबत जातात.

ताईच्या बाबतीत उशीर झाला असता तर दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि कर बाकी राहिला तर वर्षाला १८ टक्के दराने व्याज वेगळं. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेतलेला बरा.

वायफायच्या कांड्या काय सांगतात आणि काय नाही

स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या कांड्या एवढंच सांगतात की लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला रेडिओ सिग्नल चांगला आहे. त्याच्यापुढे नेट चालायला चार गोष्टी लागतात. लॅपटॉपचा स्वतःचा आयपी अ‍ॅड्रेस. सबनेट मास्क, म्हणजे कोणते अ‍ॅड्रेस आपल्याच आवारातले हे ठरवणारा आकडा. गेटवे, म्हणजे आवाराबाहेर जायचं दार. घरी हा सहसा राउटरच असतो. आणि डीएनएस सर्व्हर, जो साईटच्या नावावरून तिचा अ‍ॅड्रेस शोधून देतो.

या चारही गोष्टी लॅपटॉपला आपोआप देणाऱ्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. १९९३ पासून ती प्रमाणित आहे आणि घरातला प्रत्येक राउटर ती बोलतो. लॅपटॉप जोडला जातो, "मला अ‍ॅड्रेस द्या" म्हणून विचारतो, राउटर ठराविक मुदतीसाठी एक अ‍ॅड्रेस देतो. बऱ्याच घरगुती राउटरचा स्वतःचा अ‍ॅड्रेस १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, जिओफायबरचा १९२.१६८.२९.१. ताईच्या लॅपटॉपने घरी कुणाला काही विचारलंच नाही. तो १९२.१६८.१०.१ हे दार शोधत बसला आणि तसं दार त्या घरात नव्हतं.

मग ऑफिसवाले कायमचा आयपी देतात कशाला? टॅलीचा सर्व्हर, प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन यांचा अ‍ॅड्रेस रोज बदलून चालत नाही, कारण बाकीचे त्यांना त्या अ‍ॅड्रेसने शोधतात. हे बरोबरच आहे. पण शोधणाऱ्या लॅपटॉपला तशी गरज फार क्वचित असते. कुठल्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ठराविक अ‍ॅड्रेसलाच परवानगी असेल, तर गोष्ट वेगळी. माझ्या मते छोट्या ऑफिसात लॅपटॉपला कायमचा आयपी दिलेला असतो तो बहुतेक वेळा सवयीने. डेस्कटॉपच्या जमान्यात मशीन टेबल सोडून हलत नव्हतं, तेव्हा ते चालून गेलं.

आधी बघा, मग हात लावा

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही कमांड स्लॅश ऑल लावून चालवा. बरंच काही छापून येतं. त्यात वायफायच्या भागात "डीएचसीपी एनेबल्ड" या ओळीसमोर "नो" असेल तर आकडे हाताने टाकलेले आहेत. "येस" असेल पण अ‍ॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपने विचारलं पण कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता अ‍ॅड्रेस घेतला, असा अर्थ. त्या अ‍ॅड्रेसवर इंटरनेट मिळणार नाही.

अ‍ॅड्रेस ठीक दिसत असेल तर एकेक पायरी पिंग करून बघा. आधी गेटवे. मग ८.८.८.८, हा गुगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर आहे. मग एखाद्या साईटचं नाव. गेटवेलाच उत्तर नसेल तर घोळ अ‍ॅड्रेसमध्ये. ८.८.८.८ ला उत्तर येतं पण नावाला येत नाही, तर घोळ डीएनएसमध्ये. सगळ्यांना उत्तर येतं आणि तरी ब्राउझर रुसलेला असेल तर प्रॉक्सीकडे बघा. काही ऑफिसांत पिंगच बंद केलेलं असतं, त्यामुळे ही परीक्षा घरी जास्त विश्वासाची.

विंडोज दाखवतं त्या "नो इंटरनेट" वर फार जाऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून ती एक छोटीशी मजकुराची फाईल मागवते, ती नाही आली की पाटी लावते. प्रॉक्सी असलेल्या ऑफिसात नेट चालू असूनही ही पाटी दिसू शकते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: काहीही बदलायच्या आधी मोबाईलने त्या पानाचा फोटो काढा. हे मी त्या रात्री विसरलो. फोनवरून ताईला सांगून सेटिंग "ऑटोमॅटिक" करायला लावलं, पोर्टल उघडलं, सव्वादहापर्यंत रिटर्न भरून झालं, आम्ही दोघंही खूश. सकाळी तिच्या ऑफिसात टॅली सर्व्हर सापडेना. तिथल्या राउटरवर डीएचसीपी बंदच होतं, आणि जुने आकडे कुणाकडेच लिहिलेले नव्हते. शेजारच्या टेबलवरचे म्हणाले, "माझा ४६ आहे, मॅडम, तुम्ही ४७ टाका." ४७ हजेरीच्या मशीनचा निघाला आणि विंडोजने आयपी कॉन्फ्लिक्ट म्हणून हात वर केले. हार्डवेअरवाला येईपर्यंत दुपार झाली. अंदाजाने शेजारचा आकडा टाकणं म्हणूनच वाईट: आपलं काम होत नाहीच, कधी कधी दुसऱ्याचं चालू मशीनही बंद पडतं.

रोज बदलायला लागू नये म्हणून

सगळ्यात चांगला उपाय लॅपटॉपवर करायचा नसतोच. ऑफिसच्या राउटरवर किंवा सर्व्हरवर डीएचसीपी चालू करून तिथे "रिझर्व्हेशन" करता येतं: या मॅक अ‍ॅड्रेसचं मशीन आलं की त्याला नेहमी हाच आयपी द्यायचा. लॅपटॉप सगळीकडे ऑटोमॅटिकवर राहतो आणि ऑफिसात त्याला त्याचा ठरलेला अ‍ॅड्रेस आपोआप मिळतो. आयटीवाल्यांना हे दहा मिनिटांचं काम आहे, मागायला संकोच करू नका.

यात दोन ठिकाणी पाय अडकतो. विंडोजमध्ये "रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस" चालू असेल तर लॅपटॉप आपला खरा मॅक अ‍ॅड्रेस लपवतो आणि रिझर्व्हेशनला तो ओळखूच येत नाही. ऑफिसच्या नेटवर्कपुरतं ते बंद ठेवा. दुसरं, हल्लीच्या पातळ लॅपटॉपना लॅनचं पोर्ट नसतं, त्यामुळे यूएसबीचा अडॅप्टर लावावा लागतो, आणि मॅक अ‍ॅड्रेस सहसा त्या अडॅप्टरचा असतो. आज आपला विसरला म्हणून सहकाऱ्याचा लावला, की नेटवर्कच्या दृष्टीने तुम्ही तो सहकारी झालात.

ऑफिसवाले तयार नसतील तर विंडोज ११ मध्ये दुसरा रस्ता आहे. प्रत्येक वायफाय नेटवर्कसाठी वेगळे आकडे ठेवता येतात. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मॅनेज नोन नेटवर्क्स, असं जाऊन ऑफिसच्या वायफायचं नाव निवडा. तिथे आयपी असाइनमेंटच्या पुढे एडिट आहे. मॅन्युअल करून फक्त आयपीव्ही४ चालू करा आणि फोटोतले आकडे भरा. काही आवृत्त्यांत सबनेट मास्कऐवजी "सबनेट प्रीफिक्स लेंथ" असा रकाना येतो. तिथे २५५.२५५.२५५.० टाकलं तर सेव्ह होत नाही, २४ टाकावं लागतं. हा एक रकाना लोकांचा अर्धा तास खातो.

हे करायच्या आधी कंट्रोल पॅनलच्या जुन्या खिडकीत अडॅप्टरवर टाकलेले आकडे काढून तिथे ऑटोमॅटिक करायला विसरू नका. नाहीतर जुनं आणि नवं दोन्ही राहतं आणि कुणाचं चाललंय ते कळत नाही.

विंडोज १० चे अधिकृत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, पण ती असलेली मशीन ऑफिसांत अजून खूप आहेत. तिथे "अल्टरनेट कॉन्फिगरेशन" वापरा. ही सोय विंडोज एक्सपीपासून आहे आणि फार कमी लोकांना माहीत असते. कंट्रोल पॅनलमधून अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ निवडून पुन्हा प्रॉपर्टीज उघडा. पहिल्या टॅबमध्ये सगळं ऑटोमॅटिक ठेवलं की शेजारी दुसरा टॅब दिसतो. तिथे "युजर कॉन्फिगर्ड" निवडून ऑफिसचे आकडे भरा. आता लॅपटॉप आधी डीएचसीपीला विचारेल. घरी राउटर उत्तर देईल, नेट चालेल. ऑफिसात कुणी उत्तर दिलं नाही की थोडा वेळ थांबून तो हे राखीव आकडे घेईल. तेवढा वेळ हातावर हात धरून बसायचं, मध्येच वायफाय बंद-चालू करायचं नाही.

याची मर्यादा सरळ आहे: ऑफिसात डीएचसीपी बंद असेल तरच हे चालतं. कुणी उत्साहाने ते चालू केलं तर राखीव आकड्यांची पाळी कधी येणारच नाही. आणि घरी राउटरने उत्तर द्यायला उशीर केला तर उलटंही होऊ शकतं, ऑफिसचे आकडे घरी लागतात. तेव्हा वायफाय तोडून पुन्हा जोडा.

ऑफिसात लॅनची केबल आणि घरी वायफाय असं असेल, तर मुळात काही करायचंच नाही. ते दोन वेगळे अडॅप्टर आहेत. केबलच्या अडॅप्टरवर ऑफिसचे आकडे राहू द्या, वायफाय ऑटोमॅटिकवर ठेवा.

मॅकवर "लोकेशन" नावाची सोय आहे. ऑफिस आणि घर अशी दोन लोकेशन्स करा. एकाहून जास्त असली की अ‍ॅपलच्या मेनूतूनच बदलता येतात, आणि त्यात आयपी, डीएनएस, प्रॉक्सी असं सगळंच एकत्र बदलतं. लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर प्रत्येक वायफायचं प्रोफाइल मुळातच वेगळं ठेवतो, तिथे ही डोकेदुखी नाही. एकाच केबलसाठीही दोन प्रोफाइल करून हवं ते चालू करता येतं.

डीएनएस: घरचा उपाय, ऑफिसात त्रास

घरी नेट हळू वाटतं म्हणून व्हिडिओ बघून कुणीतरी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकतं. घरी छान चालतं. सोमवारी ऑफिसात गुगल उघडतं, यूट्यूब उघडतं, पण रजेचा अर्ज भरायचं अंतर्गत पोर्टल उघडत नाही. कारण त्या पोर्टलचं नाव फक्त ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरला माहीत असतं, आणि तुम्ही विचारताय गुगलला. उलटा प्रकारही तितकाच होतो: ऑफिसचा १०.० किंवा तसल्या खासगी अ‍ॅड्रेसचा डीएनएस हाताने टाकलेला, आणि घरून तो पोहोचत नाही, म्हणून कुठलंच नाव उघडत नाही.

विंडोज ११ मध्ये डीएनएस दोन ठिकाणी टाकता येतो: त्या-त्या नेटवर्कच्या पानावर आणि वायफायच्या "हार्डवेअर प्रॉपर्टीज" मध्ये. दुसऱ्या ठिकाणी टाकलेला सगळ्या वायफायना लागू होतो आणि पहिल्याला गप्प करतो. नेटवर्कच्या पानावर तशी सूचनाही येते. घरी वेगळा डीएनएस हवाच असेल तर तो फक्त घरच्या नेटवर्कच्या पानावर टाका.

बदल केल्यावरही जुनी उत्तरं काही वेळ लॅपटॉपच्या आठवणीत असतात. आयपीकॉन्फिगला स्लॅश फ्लशडीएनएस लावून ती पुसता येतात. डेव्हलपर मंडळींनी टेस्टिंगसाठी होस्ट्स फाईलमध्ये ओळी टाकल्या असतील, तर त्या यानेही जात नाहीत. त्या फाईलमधूनच काढाव्या लागतात. मी स्वतः यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

प्रॉक्सी

मोठ्या कंपन्यांत आणि कॉलेजांत ब्राउझरचा सगळा व्यवहार प्रॉक्सी सर्व्हरमधून जातो. हाताने टाकलेली प्रॉक्सी नेटवर्क बघत नाही. विंडोजमध्ये ती तुमच्या युजर अकाउंटची सेटिंग असते, त्यामुळे नुसता आयपी बदलून ती जात नाही. लक्षण ठरलेलं: पिंग व्यवस्थित, पण क्रोम म्हणतो प्रॉक्सी सर्व्हरमध्ये गडबड आहे. उपाय म्हणजे प्रॉक्सीच्या पानावर जाऊन घरी बंद, ऑफिसात चालू. रोजचं हे नको असेल तर आयटीकडे "सेटअप स्क्रिप्ट" चा पत्ता आहे का विचारा. ही स्क्रिप्ट ऑफिसच्या सर्व्हरवर असते. घरून ती सापडली नाही की ब्राउझर सहसा सरळ नेटवर जातो, त्यामुळे काही बदलावं लागत नाही.

फायरफॉक्सची प्रॉक्सीची स्वतःची वेगळी सेटिंग असू शकते. गिट, एनपीएम, पिप यांच्याही आपापल्या असतात, शिवाय एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स. ब्राउझर चालतोय पण गिट पुल अडकतंय असं घरी झालं, की आधी तिथे बघा.

व्हीपीएन जोडलं, तरी सर्व्हर उघडत नाही

हे ओळखायला सगळ्यात अवघड. व्हीपीएन कनेक्टेड दिसतं, मेल येतात, पण ऑफिसचा फाईल सर्व्हर काही उघडत नाही. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१ ने सुरू होणारं आणि घरचंही तेच, तर हा घोळ होतो. सर्व्हर समजा १९२.१६८.१.१० वर आहे. लॅपटॉप बघतो, हा तर आपल्याच आवारातला अ‍ॅड्रेस, आणि पॅकेट व्हीपीएनमध्ये न पाठवता घरातच शोधत बसतो. घरात योगायोगाने १० नंबरवर प्रिंटर असेल तर सर्व्हरऐवजी प्रिंटरचं पान उघडतं!

खासगी वापरासाठी तीनच पट्टे ठेवलेले आहेत, १०, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. ते सगळं जग वाटून वापरतं, त्यामुळे असे योगायोग होणारच. खात्री करायला मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून व्हीपीएन जोडून बघा. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० चे अ‍ॅड्रेस देतो. तिथे सर्व्हर उघडला तर निदान पक्कं. मग घरच्या राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये त्याचा अ‍ॅड्रेस १९२.१६८.७३.१ असा काहीतरी आडवळणाचा करा. राउटर रीस्टार्ट होईल, बाकी उपकरणं नवे अ‍ॅड्रेस घेतील. फक्त घरात सीसीटीव्ही किंवा प्रिंटरला हाताने आयपी दिला असेल तर तो तुम्हाला बदलावा लागेल.

उरलंसुरलं

केबल आणि हॉटस्पॉट एकदम जोडले असतील तर विंडोज दोन्हीपैकी एक वाट स्वतः निवडतं, बहुधा वेगवान वाटेल ती. "मी हॉटस्पॉट लावलाय तरी साईट ब्लॉक का?" याचं उत्तर बऱ्याचदा टेबलाखालच्या केबलमध्ये असतं. शिवाय ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेलं मशीन बाहेरच्या नेटवर्कलाही जोडणं अनेक कंपन्यांत मनाई असतं, आणि ती मनाई योग्य आहे.

नेटवर्क पब्लिक की प्रायव्हेट, हे विंडोज प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळं लक्षात ठेवतं. घरचा प्रिंटर दिसत नसेल तर घरचं नेटवर्क प्रायव्हेट करा. त्यासाठी फायरवॉल बंद करू नका. ती बंद केलेली राहून जाते आणि लॅपटॉप तसाच कॅफेच्या वायफायवर जातो.

कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर ही पानं करड्या रंगात दिसत असतील, तर त्यांनी ती मुद्दाम कुलूपबंद केली आहेत. तिथे जुगाड न करता आयटीला फोन करा, आणि आयपीकॉन्फिगचा फोटो सोबत पाठवा.

घरी फाईल एक्सप्लोरर उघडताना मशीन अडखळत असेल तर तेही याच कुळातलं. ऑफिसच्या सर्व्हरची झेड ड्राइव्ह जोडलेली राहते आणि विंडोज ती शोधत थांबतं. राइट क्लिक करून डिस्कनेक्ट करा. मात्र तिचा पूर्ण पत्ता आधी लिहून ठेवा, सकाळी परत जोडायला लागेल.